नाक म्हणजे चार, मूग म्हणजे नाक

अक्का,

तुझ्या मातीनंतर चौथ्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरली. पहिलीच्या पोरांना मी दोघांत एक असे टॅब वाटले आणि धडा सुरू केला. टॅबमधून माझाच आवाज आला, सोलापुरात एका बंद खोलीत बसून मुद्दाम शुद्ध बोलून भरलेला. "नाकाला बोट लावा." पोरांनी बोट लावलं नाही. अकराच्या अकरा जणांनी आधी माना वळवून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. पलीकडे स्वयंपाकखोलीला कुलूप होतं आणि खिचडी गावातल्या मोठ्या शाळेतून डब्यात येणार होती. मग पोरांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणायचं ते मला माहीत होतं. शब्द मोजून तीन होते, वर्षानुवर्षं कानावर पडलेले. पण माझी जीभ वळली नाही. ते शब्द तू म्हणायचीस, मी कधी म्हणून बघितले नव्हते.

तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, तरी हे लिहिते आहे. बोलायची वेळ होती तेव्हा मी मूग गिळून बसले, आणि त्याची गोष्ट तुला पुरती कधी सांगितली नाही. शाळेत खिचडी करणारी बाई गेली, एवढंच लोकांना कळलंय. ते खरंच आहे. पण एवढंच नाही, हे ज्या एका माणसाला माहीत आहे तो माणूस मी आहे, म्हणून गप्प राहून चालणार नाही.

पहिला दिवस आठवतो का तुला? मी जेऊरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, डोक्यात डी.एड.ची सगळी पुस्तकं ताजी. नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दुधनीच्या पुढं, तुरीच्या रानात मधोमध असलेल्या वस्तीवर. शाळा मराठी, पुस्तकं मराठी, भिंतीवरचे सुविचार मराठी. पोरं घरी कन्नड बोलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपार व्हायला आली होती, पोरं चुळबुळ करायला लागली होती, म्हणून मी खूश करायला म्हटलं, "आज मुगाची खिचडी आहे. मूग आवडतात ना?" सगळ्या वर्गाने पटकन नाकाला हात लावला. मला वाटलं, खिचडी करपली आणि वास आला. मग वाटलं, नवीन बाईची थट्टा चाललीय. मी आवाज चढवला, "नाक कशाला धरता? नाक सोडा." तर पोरांनी नाकं सोडली आणि माझ्या तोंडासमोर चार चार बोटं उभी केली.

तू दारात उभी होतीस. हातात डाव, पदर कमरेला खोचलेला, आणि हसून हसून तुझे डोळे भरून आले होते. मला तुझा असा राग आला की विचारू नकोस. "बाई, पोरं शाणी हायती की," तू म्हणालीस. "नाक म्हंजे आमचं चार. मूग म्हंजे आमचं नाक. तुमी सांगितलं तसंच केल्यात ती."

त्या दिवसापासून तू माझ्या वर्गाच्या दारात आलीस ती नऊ वर्षं तिथेच होतीस. तांदूळ निवडताना, डाळ धुताना, भांडी पालथी घालताना तुझा एक कान माझ्या वर्गात असायचा. मी काही सांगितलं आणि पोरांचे चेहरे कोरे राहिले की मागून तुझा आवाज यायचा, दोन शब्द, तीन शब्द, आणि चेहरे उजळायचे. मी पुढे जायचे. हे इतकं अंगवळणी पडलं की मला वाटायला लागलं, मी छान शिकवते. शाळा तपासायला साहेब यायचे, पहिलीचं वाचन बघून खूश व्हायचे, आणि मी मान खाली घालून कौतुक घ्यायचे. तेव्हा त्यांच्यासाठी चहा तू ठेवायचीस असं नाही, चहा मीच ठेवायचे, कारण साहेब आले की तू मुद्दाम वर्गाच्या जवळपास राहायचीस. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तुला 'तुम्ही' म्हणायची मी, ते कधी सुटलं आठवत नाही. तू मात्र शेवटपर्यंत 'बाई, तुमी' सोडलं नाहीस. एकदा मी आईशी फोनवर बोलत होते, व्हय, न्हाय, कुटं, तितं, सगळं जेऊरचं. फोन ठेवला तर तू म्हणालीस, "बाई, तुमी बी दोन भाषेच्या की. पोरांना हे वालं का बोलत न्हाय?" मी म्हटलं, शाळेत शुद्ध बोलायचं असतं. तू मान हलवलीस आणि डाळीतला खडा बाजूला काढलास. त्या गोष्टीवर आपण पुढे कधी बोललो नाही.

मग मी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. दोन वर्षं रविवारी पहाटेची गाडी धरून सोलापूर, संध्याकाळी परत. मला त्या शिक्षणाचा अभिमान आहे, आजही आहे, हे तुला स्पष्ट सांगते, कारण तू गेल्यावर मी पदवीला नावं ठेवते आहे असं कुणाला वाटायला नको. त्या दोन वर्षांनी मला धडा कसा बांधायचा ते शिकवलं, पोर नेमकं कुठे अडतं ते शोधायला शिकवलं. वस्तीवरच्या पोरांच्या हातात टॅब आले ते मी त्यासाठी पंचायतीत चार वेळा भांडले म्हणून आले. तूही त्यावर कधी नाक मुरडलं नाहीस. टॅबच्या काचेला पिठाचे हात लागू नयेत म्हणून तूच तुझ्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून दिल्यास.

भांडण झालं ते प्रबंधावरून. पहिलीच्या मुलांना टॅबवरून मराठी शब्द शिकवायचे आणि किती येतात ते बघायचं, असा माझा प्रकल्प. पहिल्या दिवशी मी तुला सांगितलं, "अक्का, आता आठ दिवस दारात यायचं नाही. तू उत्तर सांगतेस."

"मी उत्तर न्हाय सांगत बाई. प्रश्न सांगतो."

तू आमच्याकडच्या बायकांसारखं 'सांगते' कधी म्हणाली नाहीस, इकडच्या सगळ्या बायकांसारखं 'सांगतो'च म्हणायचीस. मला त्या वाक्यातलं तेवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, शास्त्रीय पद्धत असते, बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही. "बाहेरच्या" हा शब्द तुला लागला. तू स्वयंपाकखोलीत निघून गेलीस. आणि हेही सांगते, माझं सगळंच चुकीचं नव्हतं. तू कधी कधी उत्तरही सांगायचीस. पहिलीतल्या धानप्पाच्या वेळी तू डाव स्वतःच्या नाकाला टेकवून दाखवला होतास, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. यावर वाद घालायला तू असायला हवी होतीस.

तुझ्याविना घेतलेल्या पहिल्या चाचणीत टॅब म्हणाला, नाकाला बोट लावा, आणि अर्ध्या वर्गाने पडद्यावर नाकाच्या चित्राऐवजी चारच्या आकड्यावर बोट ठेवलं. पडद्यावर लाल फुल्याच फुल्या. पोरं रडवेली झाली. त्यांनी तर त्यांना सांगितलं तसंच केलं होतं. दोन दिवस मी ते सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकखोलीत येऊन तुला म्हटलं, "ये." तू हात धुतलेस, पदर खोचलास आणि आलीस. एक शब्द टोमणा मारला नाहीस. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

तू दारात आलीस आणि फुल्यांच्या जागी बरोबरच्या खुणा आल्या. मी सगळे तास चित्रित केले होते. मार्गदर्शकांनी चित्रफिती बघितल्या, म्हणाल्या, काम चांगलं झालंय, पण मागे कुणीतरी सारखं बोलतंय, तो गोंगाट तेवढा काढून टाका. आवाज साफ करायचं मी त्याच सहामाहीत शिकले होते. संगणकाला एकदा दाखवायचं की हा आवाज नकोय, की तो सगळीकडून तो शोधून पुसतो. अवघ्या अर्ध्या तासाचं काम. पाखरांचा आवाज गेला, हातपंपाचा गेला, आणि तुझा गेला. मूळ चित्रण फोनमध्ये जागा होत नव्हती म्हणून मी काढून टाकलं. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, सावकाश बोलणारे. त्यांनी चित्रफीत दोनदा लावायला सांगितली. टॅब म्हणतो, नाकाला बोट लावा. पोरं थांबतात. मग सगळी पोरं एकदम उजवीकडे माना वळवतात. तिथून काहीच ऐकू येत नाही. मग सगळी समोर बघतात आणि बरोबर बोट लावतात. परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "ही मुलं तिकडे का बघतायत?"

मी म्हटलं, "बाहेर काहीतरी आवाज झाला असेल, सर."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि पुढचं पान उलटलं. मी पास झाले, चांगल्या श्रेणीत. प्रबंधात तुझ्यासाठी दोन शब्द आहेत, 'स्थानिक साहाय्य'. तेही तळटिपेत.

हे तुला सांगितलं नव्हतं. चित्रफीत मात्र दाखवली होती, माझं यश दाखवायचं म्हणून. तू भाकरीचं पीठ मळता मळता फोनमध्ये डोकावलीस, पोरं दिसली म्हणून हसलीस, आणि मग हात थांबले. "माझं आवाज कुटं गेलं?" मी समजावलं, पुस्तकात तसं चालत नाही, तो गोंगाट धरतात. तू पुन्हा एकदा लावायला सांगितलंस. "पोरं बगत्यात की माझ्याकडं," एवढंच म्हणालीस. मग चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. खिचडी माझ्या टेबलावर यायची, तिच्यावर लिंबाची फोडही असायची, फक्त तू नसायचीस. अबोल्यातही लिंबू विसरत नव्हतीस.

पाचव्या दिवशी तूच आलीस. मी म्हटलं, "अक्का, मला कन्नड शिकव." तू विचार करून म्हणालीस, "शिकवतो. पर तुमी मला ते आवाज पुसायचं शिकवा."

"तुला कशाला?"

"आमच्या म्हाताऱ्याचं पुसायचं हाय. लई उपेग होईल."

आपण दोघी इतक्या हसलो की पोरं वर्ग सोडून बघायला आली. सौदा ठरला. निकाल लागला की सुरू करू. निकाल लागला, तू शेंगाच्या पोळ्या करून आणल्यास. मग माझा सत्कार होता, मग कसलेसे अर्ज होते, मग पुढच्या आठवड्यापासून, मग त्याच्या पुढच्या. नऊ वर्षांत मी तुझ्याकडून कन्नडचे मोजून पाच-सात शब्द घेतले, तेही वर्गात कामाला येतील तेवढेच. त्यात 'हेसर' होता. हेसर म्हणजे नाव. जूनमध्ये नवीन पोर आलं की तू त्याला आधी तेच विचारायचीस, "निन हेसर एन?" मी हजेरी घ्यायचे तेव्हा जी पोरं भेदरून गप्प बसायची, ती तुला नाव सांगायची.

मग तो कागद आला. पदवी घेतलेल्या आम्हा काही शिक्षकांना सोलापुरात सात रस्त्याजवळच्या शिक्षण कार्यालयात बोलावलंय. पुढच्या पाच वर्षांत तुम्ही काय काय शिकणार, ते एका पानात लिहून आणायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. रकाने आखून दिलेत. काय शिकणार, कशासाठी, कोणाकडून. मी झरझर लिहून काढलं आणि मधल्या सुट्टीत तुला वाचून दाखवलं. प्रोग्रॅमिंग शिकणार. कृत्रिम बुद्धिमत्ता वर्गात कशी वापरायची ते शिकणार. माहितीचं विश्लेषण शिकणार. पीएच.डी. करणार. प्रत्येकाचा अर्थ तू विचारलास आणि मी सांगितला. तू नीट ऐकलंस, मटकी निवडत.

"चांगलं हाय. करा की सगळं," तू म्हणालीस. "कन्नड कुटं हाय ह्याच्यात?"

मी म्हटलं, "ते तर आपलं ठरलंय ना, त्याला कागदावर कशाला?"

"कागदावर न्हाय ते तुमी करत न्हाय."

मला राग आला. खरं बोललीस म्हणून आला. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि घंटा दिली. हे आपलं शेवटचं बोलणं. त्यात काही वाईट नव्हतं, तू शाळा सुटल्यावर जाताना नेहमीसारखी "येतो बाई" म्हणालीस, औंदा हिरवे मूग चांगले आलेत, तुम्हाला काढून ठेवतो, असंही म्हणालीस. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी तू आली नाहीस, तू गेल्याचा निरोप आला.

दारात कुणी नाही असा तो दिवस मी कसाबसा काढला आणि शाळा सुटल्यावर तो कागद पुन्हा काढला. तुझं नाव त्यात घालायचं ठरवलं. पेन हातात घेतलं आणि कळलं की मला तुझं नाव माहीत नाही. नऊ वर्षं, अक्का. पोरं अक्का म्हणायची, गुरुजी अक्का म्हणायचे, मी अक्का म्हणायची. मी हेडगुरुजींकडे गेले. त्यांनी कपाटातली फाइल काढून दाखवली. त्यात लिहिलंय, चनाबाई. "आधीच्या गुरुजींनी लिहिलेलं आहे, तेच चालू आहे," ते म्हणाले. मी ते नाव दोनदा वाचलं. चनाबाई अशी हाक कुणी मारली असती तर तू वळूनही बघितलं नसतंस, याची मला खात्री होती.

म्हणून काल तुझ्या घरी आले. तुझा म्हातारा ओसरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "लई गप झालंय बाई घर. ऐकूच येईना कायबी." ज्याचा आवाज तुला पुसायचा होता तो तुझ्या आवाजाविना बसला होता. मी त्याच्याजवळ थोडा वेळ बसले.

तुझी सून आतून पाणी घेऊन आली. ती राज्याच्या सीमेपलीकडची, लग्न होऊन दोनच वर्षं झालेली, मराठी तिला अजून जड जातं. मी म्हटलं, आपणच तिच्या भाषेत विचारू. येताना रस्ताभर वाक्य जुळवत आले होते. 'बेकु' म्हणजे पाहिजे, हे मला पोरांनी जास्तीची खिचडी मागून मागून शिकवलं होतं. मी धीर करून म्हटलं, "अक्कान हेसर बेकु."

तिने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि आत गेली. बाहेर आली ती स्टीलचा डबा घेऊन. डबा माझ्या मांडीवर ठेवला. उघडला तर आत हिरवे मूग. "अत्तेनं ठेवलंय, तुमाला," सासूला अत्ते म्हणत ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "हे नाही गं, नाव. नाव पाहिजे. हेसर."

ती डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हेसर." मग माझ्या छातीकडे बोट करून, माझं नाव घेऊन म्हणाली, "हेसर." दोन्हीकडे बोट नाचवून तिने मला समजावलं, मुगाला पण हेसर, नावाला पण हेसर. आणि मला कळलेलं बघून ती हसली. घरात सहा दिवसांत कुणी हसलं नसावं, कारण म्हातारा दचकून वळला.

अक्का, मला तिथे ओसरीवर डबा मांडीवर घेऊन हसू पण आलं आणि रडू पण. मूग गिळून बसले, असं मी इतके दिवस मनात म्हणत होते. तुझ्या भाषेत मी काय गिळलं होतं ते तेव्हा कळलं. नावच गिळलं होतं की. तुला हे सांगता आलं असतं तर तू डाव टाकून हसली असतीस आणि आठवडाभर येईल त्याला सांगत सुटली असतीस.

मग मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चन्नव्वा. सुनेने ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. दोन न आहेत त्यात, दुसऱ्याला विसरायचं नाही. चन्न म्हणजे देखणं, म्हातारा म्हणाला, आणि असं म्हणताना तो लाजला. आमच्या मराठी कानांनी त्याचे चणे करून कपाटात ठेवले होते. गुरुजींनी फाइल दुरुस्त करायचं कबूल केलंय, आणि ते करेपर्यंत मी त्यांच्या टेबलापासून हलणार नाही.

कागद मी पुन्हा लिहिलाय. आधीचं काही खोडलं नाही, निर्धास्त राहा. प्रोग्रॅमिंग शिकणार आहे, कारण मला असा धडा बांधायचा आहे की ज्यात पोराने चारवर बोट ठेवलं तर टॅब लाल फुली मारणार नाही. तो म्हणेल, व्हय, तुझ्या घरी हे नाक, आता आमचं नाक कुठलं ते बघ. हे होऊ शकतं. मला ते जमेल, एवढं शिक्षण माझ्याकडे आता आहे. पीएच.डी.पण करणार, आणि पोराची चूक म्हणून आपण जे मोजतो ते किती वेळा बाईंची चूक असते, हाच विषय घेणार. आवाज पुसायचं येतं, ते आता राखायला शिकायचं आहे. एकाच चित्रफितीत मराठी वेगळं, कन्नड वेगळं, हातपंप वेगळा, सगळं ऐकू येईल असं. पण या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, कन्नड आहे. आधी बोलायचं, मग लिहायचं. तुझी सून मला शिकवणार, मी तिला मराठी वाचायला. सौदा तोच आहे, फक्त त्यात आवाज पुसणं नाही. आणि ते पुढच्या आठवड्यापासून नाही. काल तिने मला डब्याचं झाकण लावायच्या आधी दहापर्यंत मोजायला लावलं.

विद्यापीठालाही पत्र लिहिलंय. प्रबंधातली तळटीप अपुरी आहे, चित्रफितीतला एक आवाज मी काढून टाकला होता, परीक्षेत मी खरं सांगितलं नाही, हे सगळं त्यात आहे. ते काय करतील मला माहीत नाही. श्रेणी कमी करतील, बोलावून झापतील, किंवा पत्र कुठेतरी पडून राहील. जे होईल त्याला मी उभी राहीन. मला पदवी जायची भीती वाटत नाही आता, ती माझ्या कामात आहे, कागदावर असो नसो.

आज शनिवार, सकाळची शाळा. तोच धडा लावला. टॅबमधून माझा शुद्ध आवाज आला, नाकाला बोट लावा. पोरांनी माना वळवून दाराकडे बघितलं. या वेळी दारात मी होते. हातात डाव नव्हता, पण पदर खोचला होता. मी म्हटलं, "नाक अल्ल. मूग."

चार नाही, नाक. एवढंच तू म्हणायचीस. अकराही बोटं टॅबवरच्या नाकाला लागली. मग पुढच्या बाकावरची शिवलीला गंभीर तोंड करून म्हणाली, "बाई, तसं न्हाय. अल्ल असं म्हणायचं. जीब वर." तिने जीभ काढून दाखवली. मी दारातच उभी राहून सात वेळा म्हटलं, तेव्हा तिने मान डोलावली. 'कोणाकडून शिकणार' या रकान्यात तिचंही नाव घातलंय, इयत्तेसकट.

परवा सोमवारी सात रस्त्याला जायचं आहे. कागद वाचायच्या आधी मी ती साफ केलेली चित्रफीत लावणार आहे. टॅब विचारेल, पोरं थांबतील, पोरं माना वळवतील, आणि तिथे काहीच ऐकू येणार नाही. त्या रिकाम्या जागेत मी त्या सभागृहाच्या दारात जाऊन उभी राहीन आणि तुझे तीन शब्द म्हणेन, जीभ वर लावून. कुणीतरी विचारेलच, हा आवाज कोणाचा. मग मी मूग गिळणार नाही, अक्का. हेसर चन्नव्वा.